बंदुकीचा धक्का

श्रोतेहो, बंदूक चालवावयास नव्यानेंच शिकणाऱ्या मुलांसंबंधानें आज मी चार शब्द बोलणार आहें. विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि तें साहजिकच आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत शिकारीला बंदी झाली, आणि ती झाली हें योग्यच झालें. मग शिकाऱ्याची विद्या आतां हवी कोणाला, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें, कीं शिकार संपली तरी बंदूक संपलेली नाहीं. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांतून शाळा-कॉलेजांतील मुलें-मुली नेमबाजी शिकतात. आमच्या मराठवाड्यांतील तरुण पोलिसांत आणि सैन्यांत भरती होतात. पिकांच्या राखणीसाठीं परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी अजून आहेत. या सर्वांच्या वाटेंत पहिली धोंड एकच असते. ती म्हणजे बार उडतांच खांद्यावर बसणारा बंदुकीचा धक्का, आणि त्याहूनहि मोठी अशी त्या धक्क्याची धास्ती.

ही धास्ती काय करूं शकते, हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. तें मला माझ्याच हातून घडलेल्या एका अपराधानें शिकविलें. तो आज आपणांपुढें सांगावा म्हणूनच मी या विषयावर बोलण्याचें पत्करलें.

माझें गांव भोकर. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी आमच्या गांवावरून जाते. माझ्या लहानपणीं गांवाबाहेर पडतांच सागाचें रान लागे. रानडुकरें, रोही, हरणें यांचा सुळसुळाट असे. ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे रात्रभर माळ्यावर बसून राखण करावी लागे. माझ्या मामांजवळ बारा बोअरची दुनळी होती. १९६१ सालच्या दिवाळीनंतर, मी चौदा वर्षांचा असतांना, त्यांनीं ती प्रथम माझ्या हातीं दिली. आज अशा वयाच्या मुलाच्या हातीं अशी बंदूक सोपविणें हा गुन्हा आहे, हें येथेंच सांगून टाकतों.

बांधावर एक फुटकें मडकें ठेविलें होतें. मामा आणि त्यांचे दोघे-तिघे स्नेही मागें उभे होते. दस्ता कोठें टेकवावा, हात कसा धरावा, यांतलें कोणींच कांहीं सांगितलें नाहीं. "ओढ चाप," एवढेंच सांगितलें. दस्ता लागेल या भीतीनें मी तो खांद्यापासून दोन बोटें दूरच धरला होता. चाप ओढला मात्र, आणि कोणीं तरी मुसळ मारावें तसा तडाखा बसला. दस्ता खांद्याच्या हाडावर आदळला, माझ्याच हाताचा आंगठा नाकावर बसला, आणि मी मागच्या ढेकळांत जाऊन पडलों. नाकांतून रक्त येत होतें, कान बधिर झाले होते, आणि मंडळी पोट धरधरून हंसत होती. त्या हंसण्यांत दुष्टपणा नव्हता. त्यांनाहि त्यांच्या वडिलांनीं असेंच शिकविलें होतें. पहिल्या बाराला पोरगें पडावयाचेंच, अशी ती रीत होती.

खांद्यावरचा निळा डाग आठवड्यांत गेला. मनांतला गेला नाहीं. पुढें चारचौघांत हंसें नको म्हणून मी बंदूक उचलीत असें. पण चाप ओढण्याच्या क्षणीं डोळे आपोआप मिटत, खांदा पुढें झोंके घेई आणि नळी खालीं जाई. हें मला स्वतःलाहि कळत नसे. नेम चुकला म्हणजे मी दोष काडतुसाला देई.

दोन वर्षांनीं, ज्वारी ऐन भरांत असतांना, मामांनीं मला माळ्यावर बसविलें. पहांटेच्या चांदण्यांत एक मोठा डुक्कर तीस पावलांवर आला. एवढ्या अंतरावरून चुकण्याचें कांहीं कारण नव्हतें. मीं चाप ओढला. आणि नित्याप्रमाणें नळी खालीं गेली. वर्मीं लागावयाची ती गोळी मागच्या पायांत लागली. जनावर ओरडत पिकांत शिरलें. उजाडल्यावर आमचा सालगडी पाण्याच्या पाटाकडे गेला असतां त्या घायाळ डुकरानें त्याच्यावर झडप घातली. त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाटली. तो वांचला, परंतु जन्मभर लंगडला. पुढें वीस वर्षें तो आमच्या वाड्यांत येई तेव्हां त्याच्या पावलांचा तो एक सरळ आणि एक घसटता आवाज मला माडीवर ऐकूं येई. त्यानें मला कधीं बोल लाविला नाहीं. त्याची समजूत अशी, कीं डुक्कर आहे, चालून यावयाचेंच. खरें काय घडलें तें मला ठाऊक होतें.

या प्रसंगानंतर मीं बंदुकीला हात लावणें सोडलें. पण गांवांत एक वृद्ध गृहस्थ होते. निजामाच्या फौजेंत जमादार होते, आणि १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झाल्यावर घरीं येऊन राहिले होते. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली आणि मला आपल्या मळ्यावर बोलाविलें. मातीच्या एका उंच दरडीपुढें त्यांनीं मला उभें केलें. माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनीं दुनळी भरली आणि माझ्या हातांत दिली. मीं चाप ओढला. बार उडालाच नाहीं! आंत नुसती रिकामी पुंगळी होती. परंतु नळीचें तोंड वीतभर खालीं गेलेलें मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. जमादारकाका म्हणाले, "पाहिलेंस बेटा? बंदुकीनें तुला मारलें नाहीं. मारील म्हणून तूंच आधीं वांकलास. डुकराच्या पायांत गोळी गेली ती अशी."

श्रोतेहो, सगळ्या विषयाचें सार या एका वाक्यांत आहे. तें नीट समजावें म्हणून आतां धक्का म्हणजे काय तें पाहूं.

न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सांगितलेला तिसरा नियम शाळेंत आपण सर्वांनीं घोकला आहे. प्रत्येक क्रियेला तितकीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. शेतांत मोटार सुरू करतांच पाणी पुढें उडतें आणि हातांतला पाइप मागें रेटतो, तोच हा नियम. दारू पेटून तिचा वायु गोळीला पुढें ढकलतो, आणि तितक्याच नेटानें बंदुकीला मागें. गोळी हलकी म्हणून वेगानें जाते. बंदूक जड म्हणून सावकाश येते.

हिशेब अगदीं सोपा आहे. पूर्वीं आपल्या सैन्यांत असलेली थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. तिची गोळी सुमारें ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारें ७४० मीटर, आणि रायफलीचें वजन सुमारें ४ किलो. म्हणजे बंदूक गोळीच्या साडेतीनशेंपटींहून जड. तेव्हां केवळ गोळीच्या हिशेबानें ती सेकंदाला सुमारें २ मीटर या वेगानें मागें येते. नळीच्या तोंडांतून सुटणारा वायु त्यांत आणखी भर घालतो. छात्रसेनेंतील पॉइंट टू-टू रायफलीची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच वजनाची रायफल धरली तर ती सेकंदाला वीतभरच मागें येईल. उलट बारा बोअरच्या सव्वातीन किलोच्या बंदुकींतून ३२ ग्रॅम छर्रे सुटले, तर ती सेकंदाला साडेतीन मीटरांहून अधिक वेगानें येते. आणि तडाख्याची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. म्हणजे माझ्या मामांच्या दुनळीचा तडाखा पॉइंट टू-टूच्या दोनशेंपटींहून अधिक होता. पोहणें शिकविण्यासाठीं पोराला पुरांत ढकलावें, तसलाच तो प्रकार!

आतां या हिशेबांतली दुसरी गोष्ट पहा. गोळी नळींतून बाहेर पडेपर्यंत थ्री-नॉट-थ्री मागें किती सरकते? नळीची लांबी दोन हातांहूनहि कमी. गोळी तेवढें अंतर तोडते तोंवर बंदूक सुमारें दोन मिलिमीटर सरकलेली असते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढें म्हणाना! खांद्याला जो धक्का जाणवतो तो गोळी निघून गेल्यानंतरचा. मग नेम बिघडवितो कोण? बार उडण्यापूर्वीं वांकणारा आपला देह. जमादारकाकांना हें गणित येत नव्हतें. अनुभवानें ते त्याच जागीं पोंचले होते.

तेव्हां उपाय दोन अंगांनीं करावा लागतो. एक शरीराचा, दुसरा मनाचा.

शरीराचा उपाय आधीं सांगतों. आमच्या मोंढ्यांतल्या हमालाला पोतें उचलतांना पहा. पाठ पोत्याला भिडवून तो भार घेतो. मग क्विंटलभर ओझेंहि तो सहज नेतो. तेंच पोतें हातभर उंचीवरून पाठीवर टाकलें तर कंबर मोडेल. बंदुकीचें तेंच आहे. दस्ता खांद्याला घट्ट भिडलेला असला म्हणजे बंदूक आणि माणूस मिळून एक जड वस्तु होते, आणि धक्क्याचा नुसता रेटा होतो. मध्यें दोन बोटांची फट राहिली, कीं त्या फटींत बंदूक वेग घेते आणि रेट्याचा ठोसा होतो. भ्यालेलें मूल नेमकी हीच चूक करतें. मार टाळण्यासाठीं तें बंदूक दूर धरतें, आणि त्यामुळेंच अधिक मार खातें.

दस्ता टेकावयाचा तो गळ्याजवळच्या हाडावर नव्हे, आणि दंडावर तर मुळींच नव्हे. हात पुढें उचलला म्हणजे खांदा आणि छाती यांच्यामध्यें एक मऊ खळगा होतो, तेथें. गाल दस्त्यावर दाबून ठेवावा. गाल उचललेला असला तर दस्ता उसळून थोबाडींत मारतो. उभें राहतांना डावा पाय पुढें, गुडघा किंचित् वांकलेला, आणि देहाचा भार पुढच्या पायावर. डावखुऱ्यानें हेंच उलटें करावें. पुष्कळ मुलें बंदुकीच्या वजनानें कमरेंत मागें झुकतात. तशांना धक्का हमखास पाडतो. मोठ्या बंदुकीचे पहिले बार पालथें निजून काढावयास लावूं नयेत. उभ्या माणसाचें अंग धक्क्याबरोबर मागें डोलतें, निजलेल्याचें डोलत नाहीं, म्हणून सगळा भार खांदाच सोसतो. दुर्बीण लाविलेली रायफल असेल, तर डोळा कांचेपासून ठरल्या अंतरावर ठेवावा. नाहीं तर भुवई फुटते.

बंदूक मुलाच्या मापाची असावी, ही गोष्ट तर आपल्याकडे कोणी ध्यानांतच घेत नाहीं. पायांतला जोडा आपण मापाचा घेतों. बंदूक मात्र आजोबांची, तीच नातवाला! कोपर काटकोनांत वांकवून दस्त्याचें टोंक कोपराच्या खळग्यांत ठेवावें. बोटाचें पहिलें पेर चापावर सहज पोंचलें तर दस्ता बेताचा समजावा. दस्त्याच्या टोंकाला रबराची गादी बसवितां येते. तीहि नसेल तर सदऱ्याखालीं टॉवेलाची घडी ठेवावी. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. वजनदार बंदुकीचा धक्का कमी, हें वरच्या गणितावरून उघड आहे. म्हणून मुलाला हलकी बंदूक द्यावी आणि तींत भारी काडतूस घालावें, हा उलटा न्याय झाला. ठासणीच्या बंदुकींत अंदाजानें मूठ-मूठ दारू ठासण्याची जी खोड खेड्यांत होती, तिनें खांदेच नव्हे, तर नळ्या फुटून हात आणि डोळेहि गेले आहेत.

आतां मनाचा उपाय. येथें पहिला शत्रु धक्का नसून आवाज आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. बहुतेक बंदुकांचा आवाज १४० डेसिबेलच्या वर जातो. एवढ्या आवाजानें कानाची कायमची हानि होऊं शकते. मनुष्य दचकतो तो मुख्यतः या आवाजाला, आणि समजतो कीं धक्क्याला दचकलों. कानांत बोळे आणि वर कानझांपा घालून तीच बंदूक पुन्हां द्यावी. निम्मी भीति तेथेंच ओसरते. माझा उजवा कान आज मला नीट साथ देत नाहीं. आमच्या पिढींत कान झांकणें हें भित्रेपणाचें लक्षण समजत.

त्यानंतर क्रमाक्रमानें जावें. आधीं हवेची रायफल, मग पॉइंट टू-टू. आणि कायद्यानें मोठ्या बंदुकीपर्यंत जाण्याचें वय व कारण असेल तरच पुढची पायरी. मोठ्या बंदुकीचे पहिल्या दिवशीं पांच-सहा बार पुरे. खांदा दुखूं लागण्यापूर्वीं थांबावें. दुखल्यावर काढलेला प्रत्येक बार भीतीचा एकेक धडा गिरवितो. चाप झटक्यानें ओढूं नये. लिंबू पिळावें तसा हळूहळू दाब वाढवीत जावा, आणि बार केव्हां उडाला तें आपलें आपल्यालाच नवल वाटावें. ज्या क्षणाची खबर मनाला नाहीं, त्या क्षणासाठीं देह आधींच वांकत नाहीं. डोळे उघडे ठेवून, बार उडाला तेव्हां माशी कोठें दिसली, हें मुलानें तोंडानें सांगावें. ज्याला तें सांगतां आलें, त्याचे डोळे मिटले नाहींत.

आणि जमादारकाकांची ती रिकाम्या पुंगळीची युक्ति. भरलेलें कोणतें व रिकामें कोणतें हें शिकणाऱ्याला कळूं न देतां त्यांनीं मला महिनाभर असें शिकविलें. रिकाम्यावर नळी हलली कीं ते कांहीं बोलत नसत, नुसतें पाहत. मग दहा वेळां रिकामीच बंदूक ओढावयास लावीत. ही युक्ति सर्व जगांतले नेमबाज वापरतात, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. मात्र बंदूक रिकामी आहे असें समजून तोंड भलतीकडे करण्याची मुभा त्यांत नाहीं. नळीचें तोंड सदैव दरडीकडे, आणि चापावर बोट नेम धरल्यावरच. त्या महिन्याच्या शेवटीं माझी नळी हलेनाशी झाली. जमादारकाकांनीं शाबासकी दिली नाहीं. "आतां त्या सालगड्याला जाऊन भेट," एवढेंच म्हणाले. मी गेलों. काय बोललों तें मात्र येथें सांगत नाहीं.

शिकविणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंति आहे. मूल पडल्यावर हंसूं नका. आणि मुळांत तें पडेल असें करूं नका. त्याला आधीं सांगा, कीं रेटा येणार आहे, तो असा येतो, आणि तो येतो तेव्हां गोळी निघून गेलेली असते. पुष्कळांना वाटतें, कीं धक्का सोसणें हें दांडग्या अंगाचें काम. तसें नाहीं. ताठ उभा राहिलेला पहिलवान मार खातो, आणि रेट्याबरोबर डोलणारी सडपातळ मुलगी हंसत दुसरें काडतूस भरते.

कायद्याचें भान तर कधींच सुटूं नये. १९५९ सालच्या शस्त्र कायद्याप्रमाणें एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगतां येत नाहीं. नियमांत ठरविलेल्या वयानंतर शिकण्यापुरती ती वापरण्याची सवलत आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांबाबत वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमांत वाट आहे. पण ती अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाची. तो हातीं असला तरीहि ज्याची नळी हलते, त्यानें बंदूक उचलूं नये. घायाळ करून सोडलेलें जनावर हें जनावराचे हाल आणि माणसाचा काळ, दोन्ही असतें.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठीं मैदान मोकळें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर रायफलींत जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. ते काडतूस वीतभर रेट्याचें, तेंच पॉइंट टू-टू! तरी त्या वीतभर रेट्याला रोज सारखेंच सामोरें जाण्यासाठीं या मंडळींनीं वर्षेंच्या वर्षें घालविलीं आहेत.

गेल्या हिवाळ्यांत माझी नात छात्रसेनेच्या शिबिरांतून आली. पहिल्या दिवशीं तिच्या सगळ्या गोळ्या निशाणाच्या खालीं लागल्या होत्या. "आजोबा, माझी रायफलच वांकडी आहे," ती म्हणाली. मीं तिला माझी काठी दिली, खांद्याला कशी भिडवावी तें दाखविलें, आणि म्हटलें, "चाप ओढ." काठीला चाप कोठला! तरीहि तिच्या पापण्या मिटल्या. तिचें तिलाच हंसूं आलें. मग मीं तिला सालगड्याची गोष्ट सांगितली, आणि ती हंसावयाची थांबली.